मामा शांत झाले त्याची गोष्ट

तुम्ही शेवटचे ओरडलात कधी? घरच्यांवर नव्हे. घरात आपण सगळेच वाघ असतो, त्याला काही लागत नाही. ज्याला तुम्ही वर्षानुवर्षं न चुकता पैसे भरता, त्याच्यावर शेवटचे कधी ओरडलात? आठवत नसेल. मग ही गोष्ट तुमचीच समजा, फक्त तिच्यातला माणूस दुसरा आहे.

तो माणूस कुलुपवाला. वय अठ्ठावन्न, बोटांवर पितळेची कायमची पिवळी झाक, आणि बोलणं इतकं कमी की गिऱ्हाईक आधी फोनपाशी बसलेल्या ताईकडे बघायचं आणि मग त्याच्याकडे. सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा. खरं तर तो कोणाचाच मामा नव्हता. स्वतः लग्न केलं नाही, आणि एकुलत्या एका धाकट्या बहिणीला मूलबाळ झालं नाही. बाजाराने नाव ठेवलं ते मायेने. फोन कंपनीने मात्र ते शब्दशः घेतलं.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं तर डोकं पायरीला लागायचं, म्हणून मामा सगळं काम बसूनच करायचा. तिन्ही भिंतींवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. जिन्यावरून कोणी चढलं-उतरलं की त्या सगळ्या एकदम किणकिणायच्या. कोपऱ्यात खोक्यावर फोन. आणि फोनपाशी ताई.

ताई म्हणजे तीच धाकटी बहीण. नवरा वारला तशी ती भावाकडे आली, त्याला आता बावीस वर्षं झाली. आल्या आठवड्यातच तिने दुकानात फोन घ्यायला लावला. "तू तर कोणाशी बोलत नाहीस," ती म्हणाली होती, "निदान मला तरी कोणीतरी लागेल ना." तेव्हापासून फोनवर ताई आणि कानशीवर मामा, अशी वाटणी होती.

मामाची एक पद्धत होती, आणि ही गोष्ट तिच्यावरच उभी आहे. कुठेही कुलूप बसवलं की त्याच्या बाजूला तो नखाएवढा पत्र्याचा बिल्ला ठोकायचा. तसाच एक किल्लीच्या कडीत अडकवायचा. बिल्ल्यावर दुकानाचा फोन नंबर असे. एकेक आकडा लोखंडी ठशाने उठवलेला, आणि एका आकड्याला हातोडीचा एकच घाव. दुसरा घाव घातला की आकडा दुहेरी उमटतो, मग तो बिल्ला बाद. नंबराच्या खाली साल. कुलूप अडकलं, किल्ली हरवली, की माणसाने बिल्ला बघायचा आणि फोन लावायचा.

आणि सालाचा अर्थ असा की दर त्याच सालचा. पंधरा वर्षांपूर्वी ज्याच्या दाराला बिल्ला लागला, त्याने आजही पंधरा वर्षांपूर्वीचाच दर द्यायचा. नव्या गिऱ्हाइकाला आजचा. हा नियम मामाने स्वतःच केला आणि स्वतःच पाळला.

"अरे दादा," ताई म्हणायची, "तुझी जुनी गिऱ्हाइकं मरतही नाहीत आणि घरंही बदलत नाहीत. आपण कधी सुधारायचं?"

"माणूस दाराची किल्ली माझ्या हातात देऊन बाहेर उभा राहतो," मामा म्हणायचा. "तो जुना झाला म्हणून त्याच्याकडून जास्त घेऊ? जुना झाला म्हणून तर कमी."

एवढं बोललं की त्याचा दिवसभराचा कोटा संपायचा.

त्याला राग येत नव्हता असं समजू नका. राग आला की तो कानस जरा जोरात मारायचा. त्या दिवशी बनलेल्या किल्ल्या कुलपात सैल बसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या त्याला फुकट बदलून द्याव्या लागायच्या. रागाचा भुर्दंड त्याचा त्यालाच. बाकी कोणाला तोशीस नाही.

आता फोन कंपनीचं पत्र. ते वर्षातून एकदा यायचं, वार्षिक योजनेच्या नूतनीकरणाचं. पहिल्या वर्षी त्यात "ग्राहक महोदय" असं लिहिलेलं होतं. पुढे "प्रिय ग्राहक" झालं, मग "सन्माननीय ग्राहक", आणि गेली काही वर्षं "आमच्या परिवारातील सन्माननीय सदस्य". जिव्हाळा असा चढत गेला. पत्राची बांधणी मात्र तीच. पहिल्या ओळीत आभार. दुसऱ्या ओळीत पुन्हा आभार, जरा जास्त. तिसऱ्या ओळीत नवा दर. मामा पहिल्या दोन ओळी वाचायचा, त्याचे कान लाल व्हायचे, आणि तो ताईला म्हणायचा, "भरून टाक." एका वर्षी पत्रासोबत सोनेरी कडांचं कार्ड आलं, "सन्माननीय सदस्य" असं छापलेलं. ते त्याने किल्ल्यांच्या मधोमध खिळा मारून टांगलं. आपण जुन्यांना मान देतो, कंपनीही देते, एवढा सरळ हिशोब त्याच्या डोक्यात होता.

"मान भिंतीवर आणि वाढ बिलावर," ताई म्हणायची. पण भरायची.

सोडून का नाही दिली कंपनी, असं तुम्ही विचाराल. विचाराच. नंबर तारेबरोबर आला होता आणि तार कंपनीची होती. तार सोडली की नंबर गेला. आणि तो नंबर होता कुठे? गावभरच्या दारांवर, कपाटांवर, गोदामांच्या शटरांवर, म्हाताऱ्यांच्या गळ्यातल्या किल्लीला. कित्येक हजार बिल्ले, एकेक आकडा एकेका घावाचा. नंबर गेला तर ते सगळे एका दिवसात मुके होणार. मामाची बावीस वर्षांची कमाई म्हणाल तर ती तेवढीच होती. हे त्याला ठाऊक होतं. कंपनीला त्याच्याहून जास्त ठाऊक होतं.

ठिणगी टाकली ती समोरच्या चष्मेवाल्याने. नुकतंच दुकान थाटलेलं, भिंतींना रंगाचा वास अजून होता. ताज्या पत्रामुळे ताई कुरकुरत होती, ती ऐकून तो रस्ता ओलांडून आला.

"मामा, किती भरता तुम्ही?"

मामाने आकडा सांगितला. चष्मेवाल्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत घातला.

"वर्षाचे?"

"वर्षाचेच. तुम्ही?"

"याचा तिसरा हिस्सा. याच कंपनीचा, याच खांबावरून. आणि फोनचं यंत्र वरून फुकट."

"तुमच्या कागदात छापायची चूक झाली असेल," मामा म्हणाला. त्याला खरोखरच तसं वाटलं. आलेला माणूस आजचा, त्याला दर कमी. आपण बावीस वर्षांचे, आपल्याला तिप्पट. असं उलटं कोणी मुद्दाम करतं का? नव्या पोराला नंतर भुर्दंड पडायला नको, म्हणून आपणच कंपनीला कळवावं, असं त्याने ठरवलं. ताई थक्क झाली. बावीस वर्षांत त्याने कंपनीला फोन लावला नव्हता.

वाजंत्री सुरू झाली. "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," असं एक बाई मधून मधून सांगत होती. मामाने रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये धरून दोन किल्ल्या घासून पुऱ्या केल्या. तिसरी शिकंज्यात लावली तेवढ्यात एका मुलीचा आवाज आला.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?"

"आमच्या समोरच्या चष्मेवाल्याला तुमच्याकडून चुकून कमी दर लागलाय."

"चूक नाही सर. ती स्वागत योजना आहे, नवीन ग्राहकांसाठी."

"आणि जुन्यांसाठी?"

"जुन्यांसाठी तुमची आहे ती योजना, सर."

"ती तर वाढलीय."

"हो सर, ती दर वर्षी वाढते. नूतनीकरण असतं ना."

"नूतन काय झालं त्यात? तार तीच, खांब तोच, फोन तोच. मीही तोच."

"सर, आपण आमच्या परिवारातले सन्माननीय सदस्य आहात."

"मग मला परिवारातून काढा आणि उद्या नवीन म्हणून घ्या."

"घेऊ की सर. फक्त नंबर नवीन मिळेल. जुना दुसऱ्या कोणाला जाईल."

यानंतर मामा काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि ताईला त्यातलं निम्मं कळलंही नाही, कारण बावीस वर्षांचं एकदम बाहेर पडत होतं. जिन्यावर कोणी नसताना भिंतीवरच्या किल्ल्या किणकिणायला लागल्या. समोरचा चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला. शेवटी मामाचा आवाज फाटला, रिसीव्हर हातातून सुटून दोरीला लोंबकळला, आणि तो खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून गप्प पडला.

ताईने आधी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. तो ठीक आहे असं बघितलं. मग रिसीव्हर उचलला.

इथे एक लक्षात घ्या. घरात ताई भावाला अरेतुरे करायची. पण परक्या माणसापुढे थोरल्या भावाचा मान ठेवायचा, ही तिला लागलेली जुनी सवय. म्हणून तिने अहोजाहो केलं, आणि तिथेच घोळ झाला.

"हॅलो, मी त्यांची बहीण बोलतेय. दादा शांत झालेत आता."



"काय... काय म्हणालात, मॅडम?"

"शांत झाले म्हटलं. आत्ताच."

"आत्ता? माझ्याशी बोलता बोलता?"

"हो ना. तुमच्या त्या शेवटच्या वाक्याला एकदम भडकले आणि मग झाले शांत. असं कधी झालं नव्हतं हो त्यांचं."

"मॅडम, तुमच्याजवळ कोणी आहे का?"

"मी आहे की. आम्ही दोघंच असतो. खुर्चीत पडलेत बघा डोळे मिटून. पाणी मारलं मी तोंडावर."

"मॅडम, मी मुद्दाम नाही हो... आम्हाला जे लिहून दिलंय तेच बोलावं लागतं."

"तुझं काय चुकलंय बाळा? तू नोकरी करतेस. हे वरच्यांचं काम. आता एवढंच बघ, तो नंबर जाता कामा नये. सगळा जीव त्या नंबरात आहे."

"नाही जाणार, मॅडम. मी स्वतः नोंद करते. नातं बहीण लिहू ना?"

"लिही. धाकटी."

"तुम्ही जपा स्वतःला."

"जपते. तूही वेळेवर जेवत जा."

ताईने फोन ठेवला. "पोरगी फार चांगली," ती म्हणाली. "रडवेली झाली होती बिचारी. ओरडण्याचा उपयोग होतो बघ, दादा."

मामाने डोळे उघडले, कानस उचलली आणि तिसरी किल्ली घासायला घेतली. ती अर्थातच सैल झाली.

काही घरांत माणूस मेला असं तोंडाने म्हणत नाहीत. "शांत झाले" म्हणतात. फोनवरची मुलगी तसल्या घरातली निघाली.

हे कळलं आठ दिवसांनी, पत्र आलं तेव्हा. पाकिटावर मामाच्या नावाआधी एक छोटं अक्षर जास्त होतं आणि पुढे एक टिंब. कै.

"दादा," ताई म्हणाली, "तू गेलास."

"कुठे?"

तिने वाचून दाखवलं. पहिली ओळ, आमच्या परिवारातील सन्माननीय सदस्य शांत झाल्याचे कळून अतीव दुःख झाले. दुसरी ओळ, त्यांनी बावीस वर्षे दाखवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तिसरी ओळ, दिवंगतांची जोडणी महिनाअखेरीस बंद होऊन नंबर कंपनीकडे जमा होईल; तत्पूर्वी वारसाने कार्यालयात अर्ज केल्यास हाच नंबर त्यांना नवीन ग्राहक म्हणून, स्वागत योजनेच्या दरात मिळेल.

मामाने पत्र हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिसरी ओळ स्वतः वाचली. दोनदा वाचली.

"मी जिवंत असताना तिप्पट," तो म्हणाला, "आणि मेलो की स्वागत."

"असाच राहा ना मग," ताई म्हणाली. "परवडतोयस."

मामा हसला नाही. त्याने सोनेरी कार्ड खिळ्यावरून काढलं, उलटं करून टेबलावर ठेवलं आणि त्यावर तेलाची बाटली ठेवली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ असतात. ही कंपनी जिवंतपणी खात होती आणि मेल्यावर वाटी परत करत होती. त्याला ती वाटी नको होती. त्याला त्याच्या नावाआधीचं ते टिंब काढून हवं होतं.

जवळचं कार्यालय कंपनीने कधीच बंद केलं होतं. उरलेलं दोन बस बदलून जायच्या अंतरावर. दुकानातलं काम सोडवेना, त्यामुळे जायला महिन्याचा शेवटून दुसरा दिवस उजाडला. मोठी खोली, काचेचे कप्पे, दारात क्रमांकाची चिठ्ठी देणारं यंत्र. ताई पिशवीत सगळी जुनी पत्रं बांधून घेऊन आली होती. त्यांचा क्रमांक लागला तो एका चाळिशीच्या साहेबापाशी. समोर संगणक, टेबलाच्या कडेला डबा आणि किल्ल्यांचा जुडगा. साहेबाने नंबर विचारला, बटणं दाबली, पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हे गृहस्थ गेलेत."

"मीच तो."

"तुम्ही वारस का, काका?"

"मी स्वतः. हे घ्या ओळखपत्र."

साहेबाने ते दोन्ही बाजूंनी बघितलं. "यावरून तुम्ही कोण ते कळतं. आहात की नाही, ते कळत नाही."

"समोर बसलोय ना मी."

"मला दिसताय हो. पडद्याला दिसत नाही. हयातीचा दाखला लागेल, सही-शिक्क्याचा. तो वर जाईल, तिथून पंचेचाळीस दिवस."

"आणि नंबर?"

"तो उद्या संध्याकाळी जाईल."

"मी मेलो त्याचा दाखला कुठे मागितलात तुम्ही?" मामाने विचारलं. आवाज चढत होता, आणि काचेपलीकडच्या माना वळायला लागल्या होत्या.

"तो फोनवर चालतो," साहेब म्हणाला. त्याला स्वतःलाच ते ऐकून कसंसं झालं असावं, कारण तो घाईने पुढे म्हणाला, "खरं तर सोडून जाणाऱ्यांसाठी आपला मनधरणी कक्ष आहे. पण तिथे जोडून दिलं असतं तर ते जायच्या आधी. तुम्ही आधीच गेलात."

"जमेल ते सांगा, साहेब," ताई मध्ये पडली. "नंबर उद्या जायला नको. बाकी यांना जिवंत करायचं ते आम्ही घरी बघू."

"मग वारसाचा अर्ज. लगेच होतो. बाई, तुम्ही भरा."

मामा उठून उभा राहिला. फक्त उभा राहिला. दाराबाहेर जावं आणि हे सगळं फेकून द्यावं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही. पिशवीतून एक जुना बिल्ला काढून तिने टेबलावर ठेवला, अर्जात नंबर बघून लिहायला. पत्रा झिजला होता, पण सातही आकडे एकेका घावाचे, सरळ. मामा त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग खाली बसला.

"लिही," तो म्हणाला.

अर्जात एक रकाना होता, मयताशी नातं. ताईने "बहिण" लिहिलं. मामाने तिच्या हातातून पेन घेऊन ऱ्हस्व वेलांटी खोडली आणि दीर्घ काढली. "मेलो म्हणून काय झालं," तो पुटपुटला. शेवटी साक्षीदाराची सही हवी होती, मयताला ओळखणाऱ्या कोणाची तरी.

"यांच्याइतकं कोण ओळखतंय त्यांना?" ताई म्हणाली.

साहेबाने क्षणभर विचार केला आणि अर्ज मामाकडे सरकवला. मामाने आपल्या मरणाला साक्षीदार म्हणून सही केली, पूर्ण नावानिशी. मयत आणि साक्षीदार एकाच नावाचे. पडद्याने काही हरकत घेतली नाही.

साहेब अर्जावरून नंबर बटणांवर मारत होता. तिसऱ्या आकड्यावर थांबला. टेबलावरचा बिल्ला त्याने उचलला. मग स्वतःचा किल्ल्यांचा जुडगा ओढला, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. जुडग्यातही तसाच नखाएवढा पत्रा होता.

"हे तुम्ही?" तो म्हणाला. "आमच्या वडिलांच्या घराचं दार आहे हे."

मामाने साल बघितलं, शेजारच्या किल्लीचे दात बघितले. "मागच्या अंगणाचं. कडी डावीकडची. दार पावसाळ्यात फुगत असेल."

"फुगतं. गेली दोन वर्षं खांद्याने ढकलून उघडतोय. तुम्हाला फोन करायचा राहूनच गेला." साहेब जरा ओशाळला. "आता दुरुस्तीला किती घ्याल?"

"बिल्ल्यावर साल आहे ना. तेवढेच."

"त्या वेळचे?"

"जुनं गिऱ्हाईक आहात."

ताई खिडकीकडे बघत म्हणाली, "द्या मुकाट्याने. मेलेल्या माणसाशी घासाघीस करू नये."

साहेब हसला नाही. त्याने आजूबाजूला बघितलं आणि पडदा हळूच मामाकडे फिरवला. असं करायची परवानगी नव्हती. मामाच्या नावासमोर मृत्यूच्या ताज्या नोंदीच्या कितीतरी वर, कितीतरी वर्षांपूर्वीचा एक शब्द होता. गट: शांत.

"हे तर आधीपासूनच आहे," मामा म्हणाला.

"बावीस वर्षांत एकही तक्रार नाही, एकदाही फोन नाही, आणि सोडून जाणं परवडण्यासारखं नाही. अशांना आम्ही या गटात टाकतो. या गटाचा दर दर वर्षी वाढवायचा. जो बोलला त्याचा थांबवायचा."

"आणि ते सन्माननीय?"

"तोच गट. पत्रात सन्माननीय, पडद्यावर शांत." त्याने पडदा परत वळवला. "बाई, वर्षभर तुम्ही नवीन. पुढच्या वर्षी तुम्हालाही पत्र येईल, गोड. ते आलं की त्याच दिवशी फोन करा. चांगलं बोलू नका. जितकं चांगलं बोलाल तितके शांत धरले जाल."

 बसमधून उतरताना मामा एवढंच म्हणाला, "मी त्या मुलीवर उगाच ओरडलो. ओरडायला बावीस वर्षं उशीर केला, ते चुकलं."

पुढच्या रविवारी तो साहेबाच्या घरी गेला, दार तासून कडी पुन्हा बसवली, जुन्या सालचे पैसे घेतले आणि परतला. तो नियम त्याने बदलला नाही. ताई म्हणाली, "शिकलास काय मग?" तो म्हणाला, "कंपनी कशी करते ते शिकलो. मी कसं करायचं ते आधीच येत होतं."

वर्षाने पत्र आलं, ताईच्या नावाने. आमच्या परिवारातील प्रिय सदस्य. आभार, पुन्हा आभार, तिसरी ओळ. आकडा उडी मारून वर गेला होता. ताईने त्याच दुपारी फोन लावला. मामाने खुर्ची तिच्याजवळ ओढली, कानस खाली ठेवली आणि वाजंत्री संपायची वाट बघितली. वाटणी बदलली होती. बोलायचं ताईने, ओरडायचं मामाने. कंपनीच्या दप्तरी तो मेलेलाच होता, आता त्याचं कोण काय वाकडं करणार?

पलीकडून एका मुलीचा आवाज आला. तीच होती की दुसरी, सांगता येत नाही, पण थोड्या वेळाने तिने विचारलं, "मॅडम, मागे कोण ओरडतंय?"

"आमचे दादा."

बटणं दाबल्याचा आवाज आला. "पण मॅडम, इथे तर ते शांत झालेत असं दिसतंय."

"झाले होते," ताई म्हणाली. "परत भडकलेत."

कंपनीने वाढ मागे घेतली. कशी, का, ते कोणी सांगितलं नाही. मनधरणी कक्षातून एका पुरुषाने फोन केला, चार गोड शब्द बोलला आणि जुन्या दराचं पत्र पाठवलं. त्यात "सन्माननीय" नव्हतं. नुसतं "ग्राहक" होतं. मामाने ते पत्र त्या रिकाम्या खिळ्याला टोचलं.

चष्मेवाल्याचंही वर्ष भरलं होतं. तो आपलं पत्र घेऊन रस्ता ओलांडून आला, चष्मा पुसत. त्याच्यानंतर वरच्या मजल्यावरची शिवणवाली आली, तिचं पत्र वेगळ्या कंपनीचं, दुखण्याच्या विम्याचं. मग छापखान्यातला म्हातारा, त्याचं मासिकाच्या वर्गणीचं. चाळीस वर्षं घेत होता आणि नव्या वर्गणीदाराच्या दुप्पट भरत होता. मामा सगळ्यांना जिन्याखाली वाकून आत घेतो. पत्र उघडतो. पहिल्या दोन ओळींवर पितळी पिवळा अंगठा ठेवतो आणि तिसरी मोठ्याने वाचतो. मग फोन त्यांच्या हातात देतो, कारण ज्याचं पत्र त्यानेच बोलायचं, असा दुसरा नियम त्याने आता केला आहे. वाजंत्री वाजते तोवर तो किल्ल्या घासतो. अलीकडे त्या सैल बसत नाहीत.

तुमच्याकडेही असं एखादं पत्र पडलं असेल, आभार मानणारं, अजून न फोडलेलं. ते आत्ता उठून शोधा. पहिल्या दोन ओळींवर अंगठा ठेवा, तिसरी वाचा, आणि फोन लावा. समोरच्या मुलीला शिव्या देऊ नका, तिला जे लिहून दिलंय तेच ती बोलते. पण आपलं नाव त्यांनी कुठल्या गटात टाकलंय ते विचारा, आणि ते शोधायला लागले की तोवर त्यांना एवढंच सांगा, की आम्ही अजून शांत झालेलो नाही.